पाहुणे आणि बांधाबांध

दुबईला आम्ही २००६ साली गेलो आणि २०१९ च्या मे महिन्यात कायमचे परत आलो. मधल्या तेरा वर्षांत जेव्हा जेव्हा सुट्टीवर मुंबईला आलो, तेव्हा वडाळ्याच्या आमच्या जुन्या वस्तीतल्या दादा-वहिनींना एकच वाक्य सांगत आलो : "एकदा या की तिकडे." खोटे कशाला सांगा, ते खरोखर येतील असे कधी वाटले नव्हते. परदेशात राहणारा माणूस हे वाक्य सगळ्यांनाच म्हणतो आणि ऐकणाराही हसून सोडून देतो.

दादांनी मात्र ते सोडून दिले नव्हते.

दादा म्हणजे सख्खे भाऊ नव्हेत. आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, मुंबई बंदरात गोदी कामगार. वयाचे अंतर असूनही मित्रच म्हणायचे. जयंतीच्या वर्गणीची पावती कशी फाडायची, दुसऱ्या दिवशी हिशेब फळ्यावर का लिहायचा, हे आम्हाला बी.कॉम.च्या वर्गाआधी त्यांनी शिकवले. २००६ साली एजंटला द्यायला साठ हजार कमी पडत होते, त्यातले वीस हजार दादांनी स्वतःच्या नावावर पतपेढीतून उचलून दिले. ते आम्ही दोन वर्षांत फेडले. पण असे पैसे फेडले म्हणजे फिटतात का, हे ज्याने घेतले असतील त्यालाच विचारावे.

२०१८ मध्ये दादा निवृत्त झाले. फंड हातात आला आणि २०१९ च्या जानेवारीत फोन आला, "पासपोर्ट झाले. तिकिटं काढली. २० एप्रिलला येतो, २७ ला निघतो." पुढे मार्चमध्ये लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या, मुंबईचे मतदान २९ एप्रिलला. तेव्हा पुन्हा फोन. "बरं झालं, दोन दिवस आधी पोचतो. नाहीतर तिकीट बदललं असतं. मतदान नाय बुडवायचं."

इकडे मार्चच्या शेवटी आम्हाला नोटीस मिळाली होती. देरामधल्या एका ट्रेडिंग कंपनीत आम्ही हिशेबाचे कारकून. बाजार दोन-तीन वर्षे मंदच होता. १ जानेवारी २०१८ पासून तिथे ५ टक्के व्हॅट लागू झाला, तेव्हा आमचे काम वाढले आणि वाटले, आता हिशेबनीसाला मरण नाही. वर्षभरात मालकाने एक सॉफ्टवेअर आणले आणि आठ माणसांना घरी पाठवायचे ठरवले. त्या आठांत आम्ही.

सगळ्यांना आम्ही सांगितले की मुलीची दहावी झाली, अकरावीसाठी परत जातोय. हे खोटे नव्हते, अर्धे होते. दादांनाही तेच सांगितले. आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "त्यांना तरी खरं सांगा. आणि या वेळेला येऊ नका म्हणा, घरात काय राहणार आहे?" आम्ही म्हणालो, तिकिटे परत होणार नाहीत, त्यांचे नुकसान होईल. कारण बरोबर होते, पण खरे कारण ते नव्हते. ज्यांनी वीस हजार देऊन पाठवले त्यांच्यासमोर नोकरी गेलेला माणूस म्हणून उभे राहायचे नव्हते.

आता ज्यांनी आखातातून गाशा गुंडाळलेला नाही त्यांना सांगितले पाहिजे की तिथून निघणे हे नुसते सामान बांधणे नसते. आधी बायकामुलांचा व्हिसा रद्द करायचा, मग आपला. आपला रद्द झाला की तेव्हाच्या नियमाने ३० दिवसांत देश सोडायचा. त्याआधी वीज-पाण्याचे शेवटचे बिल भरून अनामत सोडवायची. घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक घरमालकाकडे असतात, त्यांचा हिशेब मिटवायचा. चेक वटला नाही तर तेव्हा थेट पोलीस केस होत असे. तो कायदा २०२२ पासून बराच सैल झाला. बँकेचे कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी असली तर शेवटचा पगार खात्यात पडताच बँक खाते अडवते. म्हणून ती बाकी शून्य करून तसे पत्र घ्यायचे.

ग्रॅच्युइटीचा हिशेब आम्ही रोज रात्री करत होतो, जणू रोज केल्याने तो वाढणार होता. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे दर वर्षी ३० दिवसांचा. मूळ पगार २,८०० दिरहम. पाच वर्षांचे ९,८००, पुढच्या आठ वर्षांचे २२,४००, एकूण ३२,२००. तेव्हाच्या भावाने सहा लाख रुपयांच्या आसपास. तेरा वर्षे परदेशी राहिलेल्या माणसाचा हा ऐवज. पगार ५,००० च्या वर होता, पण त्यातला निम्मा भाग भत्त्यांचा, आणि भत्ता ग्रॅच्युइटीत धरत नाहीत. आखातात जाणाऱ्या तरुणांना एवढेच सांगतो, करारात एकूण पगार नव्हे, मूळ पगार किती लिहिला आहे ते आधी वाचा.

असो. पाहुण्यांकडे येऊ.

२० एप्रिलला आम्ही विमानतळावर फुले घेऊन उभे. विमान उतरून तास झाला, दादांचा पत्ता नाही. नंतर कळले की त्याच आठवड्यात, १६ एप्रिलपासून दुबई विमानतळाची एक धावपट्टी दुरुस्तीसाठी ४५ दिवस बंद होती आणि बरीच विमाने जेबेल अलीकडच्या अल मक्तूम विमानतळावर उतरत होती. दादांच्या मुलाने दोन दिवस आधी तसा निरोप पाठवला होता. तो आम्ही वाचला होता, पण डोक्यात वीज-पाण्याचे बिल होते. पन्नास-साठ किलोमीटर टॅक्सी करून पोचलो तेव्हा दोघे बाकावर बसून घरून आणलेली चपाती-चटणी खात होते. दादा म्हणाले, "आम्हाला वाटलं, दुबई म्हणजे एवढीच."

अल कुसैसला एक हॉल, एक बेडरूम असे आमचे घर. निम्मे सामान खोक्यांत गेलेले, भिंतीवर चौकटींचे पांढरे डाग. मोठे पातेले, परात, पाटा सगळे बांधून झाले होते. चार माणसांचा भात करायला सहचारिणींनी एक खोके परत उघडले आणि आमच्याकडे अशा पाहिले की आम्ही खाली जाऊन पाव आणला. शेजारच्या केरळच्या ताईंनी दोन गाद्या दिल्या. फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा यांची विक्री झाली होती, आगाऊ पैसेही घेतले होते; बोली अशी की सामान २८ तारखेनंतर न्यायचे.

मंगळवारी दुपारी वहिनी सोफ्यावर आडव्या झाल्या होत्या. बेल वाजली. दारात एक फिलिपिनो जोडपे आणि त्यांचा पिकअपवाला. त्यांनी २३ आणि २८ यांत घोटाळा केला होता. आम्ही दारातच त्यांना हळू आवाजात समजावत होतो, तेवढ्यात वहिनी उठल्या, पदर नीट केला, उशा बाजूला ठेवल्या आणि म्हणाल्या, "नेऊ द्या की भाऊ, पैसे दिलेत त्यांनी. आम्ही काय सोफ्यावर जन्मलो का?" दादांनी एक बाजू उचलली आणि तिरका करून सोफा दारातून असा काढला की पिकअपवाला बघतच राहिला. तेव्हापासून आम्ही सगळे सतरंजीवर. मुलगी आधी लाजली. मग तिलाच ते आवडू लागले.

दुबई काय दाखवली? मेट्रोत बसवले. बुर्ज खलिफा, ८२८ मीटर, खालून पाहिला. वर जायचे तिकीट चौघापाचांना परवडणारे नव्हते आणि दादा म्हणाले, वर गेलो तर तो दिसणार कसा. संध्याकाळी कारंजे पाहिले, ते फुकट आहे आणि खरोखर छान आहे. वहिनींनी सोन्याच्या बाजारात दोन तास काढून कानातली लहान कुडी घेतली.

पण दादांना एक वेगळीच जागा पाहायची होती. "इथं आपली माणसं राहतात कुठं? कामाची?" आम्ही त्यांना सोनापूरला नेले, कुसैसपासून जवळच. नाव सोनापूर, आणि आहे ती कामगारांच्या छावण्यांची वस्ती. संध्याकाळी बसमागून बस येतात आणि निळ्या कपड्यांतली माणसे उतरतात; बिहारची, आंध्र-तेलंगणाची, राजस्थानची, नेपाळची, बांगलादेशची, पाकिस्तानची. एका खोलीत दुमजली पलंग, बाहेर वाळत घातलेले कपडे. आम्ही इथे बऱ्याचदा येत असू. कुणाचा पासपोर्ट अडकला, कुणाचा पगार थकला, कुणी दगावला तर वकिलातीचे कागद भरायला. दादांनी एका पोराला विचारले, उन्हाचे काय करता? त्याने सांगितले, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद असते. दादा म्हणाले, "चांगला नियम आहे. पण एप्रिलमध्ये काय ऊन कमी असतं?" पोरगा हसला.

परतताना दादा म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस हवा इथं. तू गेल्यावर यांचे कागद कोण भरणार?" आम्ही काही बोललो नाही.

बुधवारी संध्याकाळी खाडीवर गेलो. एक दिरहम देऊन अब्र्यातून पलीकडे गेलो आणि परत देराच्या धक्क्यावर आलो. तिथे लाकडी गलबते लागलेली असतात, तिथल्या बोलीत त्यांना लाँच म्हणतात. धक्क्यावर उघड्यावर रचलेले फ्रिज, टायर, एसीची खोकी, सगळा माल इराण-सोमालियाकडे जाणारा. बरेच खलाशी आपल्या गुजरातचे, कुणी मांडवीचे, कुणी सलायाचे. मुंबईच्या गोदीत आयुष्य गेलेला माणूस असा माल पाहून थांबणारच. दादा एका खलाशाशी हिंदी-गुजराती मिसळून अर्धा तास बोलले. माल कसा रचतात, ओलीपासून कसा राखतात, गाठ कोणती मारतात. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांना परमुलखात असल्यासारखे वाटत नव्हते, हे आम्हाला दिसत होते.

मग धक्क्याच्या कठड्यावर बसलो आणि दादांनी शबनम पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढली.

"पोराचे कागद आहेत. आयटीआय, इलेक्ट्रिशियन. दोन वर्षं कंत्राटावर घासतोय. तू जायच्या आधी कुठं एक शब्द टाकता आला तर बघ. तुझं इथं वजन आहे. म्हणून तर आता आलो, नाहीतर पावसाळ्यानंतर आलो असतो."

त्या फाइलवर दादांनी स्वतःच्या अक्षरात मुलाचे नाव लिहिले होते. आम्ही ती हातात घेतली, उघडली, प्रत्येक गुणपत्रिका पाहिली. पाहायचे काही नव्हते, वेळ हवा होता. शेवटी म्हणालो, "दादा, आम्हालाच काढलंय. मुलीचं शिक्षण वगैरे नंतरचं. मार्चमध्येच नोटीस मिळाली."

दादा खाडीकडे पाहत राहिले. एक अब्रा गेला, दुसरा गेला.

मग म्हणाले, "गोदीतलं काम कंटेनरवर गेलं, न्हावाशेवाला गेलं, तेव्हा आमच्यातली कंत्राटावरची माणसं घरी बसली. घरी बसली म्हणजे काय, घरी सांगितलंच नाही कुणी. दोन-दोन महिने डबा घेऊन निघायचे आणि भाऊच्या धक्क्यावर बसून खायचे. मी बघितलंय. मी एकाच्या डब्यातलं खाल्लंय पण." थोडे थांबून म्हणाले, "तू तर शिकलेला आहेस रे."

रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फाइल परत पिशवीत ठेवली. आम्ही म्हणालो, ठेवा आमच्याकडे, ओळखीत फिरवतो. ते म्हणाले, "फिरव. पण आधी स्वतःचं बघ."

घरी येऊन सहचारिणींना सांगितले, की आज दादांना सांगून टाकले. त्या भाकरी थापत होत्या, वर पाहिलेसुद्धा नाही. "वहिनींना रविवारीच सांगितलंय मी." दुसऱ्याच रात्री, भांडी घासताना! वहिनींनी रिकामी फडताळे पाहून विचारले होते, आणि इकडून उत्तर गेले होते. मग वहिनींनी दादांना का नाही सांगितले? तर म्हणे, "ते भाऊंनी सांगायचं होतं. मी कशाला मध्ये पडू?" म्हणजे चार दिवस आम्ही ज्याची मनात तालीम करत होतो ते स्वयंपाकघरात केव्हाच बोलून झाले होते, आणि दोघी आमची वाट पाहत होत्या.

मुलीचेही त्या आठवड्यात बरेच कळले. ती तीन वर्षांची असताना दुबईला आली. आम्ही "घरी जायचं" म्हणायचो तेव्हा ती गप्प राही. आम्हाला वाटे परीक्षेचा ताण. सतरंजीवर वहिनींशेजारी झोपल्यावर तिने त्यांना विचारले, "काकी, तिकडे मला कोण ओळखतं?" हे आमच्याशी ती कधी बोलली नव्हती. वहिनींनी तिला काही समजावले नाही. वडाळ्याला त्यांची भाची अकरावीत होती, तिला रात्रीच फोन लावून दिला. दोघी हिंदीत बोलत होत्या. वहिनी म्हणाल्या, चालेल, मराठी येईल मागाहून.

तेव्हा तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवार असे. २०२२ पासून ती शनिवार-रविवार झाली. त्यामुळे १४ एप्रिल रविवारी आली तरी कार्यक्रम आम्ही १२ तारखेच्या शुक्रवारी केला होता, आमचा तिथला शेवटचा. पुढचा मोकळा शुक्रवार २६ तारखेचा, पाहुण्यांना समुद्रावर न्यायचा म्हणून राखलेला. दादा सकाळी उठले, खोक्यांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हे असं जाणार बोटीतून? तळ फुटेल." आम्ही नुसती चिकटपट्टी मारली होती. मग दिवसभर समुद्र राहिला बाजूला. सगळी खोकी उघडली. जड खाली, हलके वर, भांड्यांत कपडे कोंबले, पुस्तके आडवी, मोकळ्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे, आणि वरून सुतळीचे उभे-आडवे दोन फेरे. गाठ कशी मारली ते दोनदा दाखवले, आम्हाला आली नाही. मुलीला आली. सतरा खोकी होती ती चौदा झाली. कार्गोवाला किलोवर पैसे घेतो म्हणून वजनात फायदा नव्हता, पण काही फुटले नाही, हा फायदा.

दूरदर्शन संच आम्ही आधीच विकला होता. २०१३ पासून सपाट पडद्याच्या टीव्हीवर आपल्याकडे विमानतळावर जकात लागू लागली, आम्ही आलो तेव्हा ती ३८.५ टक्के होती. जकात भरून जुना टीव्ही नेण्यात काही अर्थ नव्हता.

रात्री वहिनींनी स्वतःच्या बॅगा उघडल्या. दोघांना मिळून साठ किलो न्यायची मुभा. नातेवाइकांसाठी दूध पावडर, साबण, अत्तर, दोन ब्लँकेटे अशी यादी त्यांनी मुंबईहून लिहून आणली होती. त्यासाठी वेगळे पैसेही बांधून ठेवले होते. त्यांनी यादीतले चॉकलेट तेवढे घेतले. बाकी बॅगांत आमचा कुकर, मिक्सर, मुलीची पुस्तके, गाद्यांच्या चादरी. आम्ही नको नको म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "तुमची बोट येईल महिना-दीड महिन्यानं. तोवर पोरगी जेवणार कशात?" बाबासाहेबांची तसबीर खोक्यात ठेवू द्यायला दादा तयार नव्हते. वहिनींच्या शालीत गुंडाळून ती त्यांनी हातात नेली. विमानतळावर वजन भरले साडेएकोणसाठ किलो.

निघताना आम्ही एक पाकीट दादांच्या खिशात ठेवायला गेलो. त्यांनी हात धरला आणि म्हणाले, "लेका, जयभीम कर आणि जा. टॅक्सीचं मीटर चालू आहे."

२९ तारखेला संध्याकाळी शाई लावलेल्या दोन बोटांचा फोटो आला.

आम्ही २४ मे रोजी अंबरनाथला आलो. मुलाची फाइल आम्ही तिथे पाच-सहा ठिकाणी दिली होती, कुठून उत्तर आले नाही. तो आता भिवंडीच्या एका गोदामात वीज-दुरुस्तीला आहे, कायम नाही, पण पगार वेळेवर होतो. आम्ही इथेच एका गोदामाच्या कचेरीत हिशेब लिहितो, दुबईच्या निम्म्या पगारावर.

खोकी जुलैत आली. चौदाच्या चौदा. सहचारिणी सुरी घेऊन आल्या, तेव्हा मुलीने त्यांना थांबवले आणि दादांना फोन लावला. दादा म्हणाले, कापू नका, सुतळी कामाला येते, आम्ही येतोच आहोत रविवारी. भर पावसात लोकलने दोघे आले. दादा आणि मुलगी गाठी सोडत बसले, आणि वहिनींनी पिशवीतून आमचा कुकर काढून ओट्यावर ठेवला. मुलीच्या जेवणासाठी म्हणून नेलेला तो कुकर आम्ही दोन महिने मागितलाच नव्हता, लाजेपोटी. झाकण उघडून पाहिले तर आतली रबरी रिंग नवी होती.